तीन आठवडे ओकाझाकीत: मासे न खाणाऱ्याने जपानात जेवायचं कसं?

शेंगाचटणी (धागाकर्ता) | बुधवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मूळचा सोलापूरचा, नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीमध्ये. येत्या शनिवारी तीन आठवड्यांसाठी जपानला निघतोय. मुक्काम ओकाझाकी, नागोयाहून ट्रेनने साधारण अर्धा तास. नव्या डायच्या ट्रायल आहेत, सोबत ट्रेनिंग.

कामाचं टेन्शन नाही, जेवणाचं आहे. अंडं खातो, चिकन खातो, तेही घरी केलेलं. मासा आजवर तोंडात घातलेला नाही. व्रत-नेम असं काही नाही, वास आला की पोटात ढवळतं. आणि प्रश्न फक्त माशांचा नाही. नवीन काहीही पानात आलं की हात आखडतो, लहानपणापासूनचं आहे हे. पुण्यात शिकायला आलो तेव्हा मेसमध्ये पहिले दोन महिने पोळी आणि वरण-भात यापलीकडे गेलो नव्हतो.

शेंगाचटणी, मेतकूट, भाजलेले पोहे, उपम्याची पाकिटं एवढं बॅगेत घेतलंय. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली आहे, बाकी काही नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच झाली आहे. तिथल्या काचोंनी, म्हणजे सेक्शन मॅनेजरनी, आपणहून मेलवर विचारलं होतं की खाण्यात काही चालत नाही असं आहे का. मी भिडेपोटी 'सगळं चालतं' लिहून बसलो. पाहुणा म्हणून जायचं आणि वर आपल्या तऱ्हा कशाला सांगायच्या, असं वाटलं. आता त्याची झोपेत आठवण येते. यजमान समोर बसलेले असताना पान तसंच टाकून उठायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे. त्या भागात कुणी राहिलंय का?

टोयोहाशीकर | बुधवार, रात्री ११:०५

मी नऊ वर्षं आइची प्रांतात आहे, तुमच्या ओकाझाकीपासून फार लांब नाही. पहिलं काम म्हणजे आजच दुसरा मेल टाका आणि खरं ते लिहा. जपानी यजमान हे नुसतं उपचार म्हणून विचारत नाही. आठ-दहा माणसांचं जेवण असेल तर हॉटेलला पदार्थांचा क्रम आधी कळवावा लागतो. तुम्ही आयत्या वेळी खाल्लं नाहीत तर तुमच्यापेक्षा त्याला जास्त वाईट वाटतं, आपण नीट चौकशी केली नाही म्हणून.

मेलमध्ये नुसतं 'मांस नको' लिहू नका. 'निकु' म्हटलं की पुष्कळ लोकांच्या डोळ्यांसमोर बीफ आणि पोर्क येतं. हॅम, बेकन, मासे त्यात धरतीलच असं नाही. एकेक नाव घेऊन लिहा: मासे नको, कोळंबी-खेकडा नको, बीफ-पोर्क नको, चिकन चालेल, अंडं चालेल. हेच जपानीत एका कागदावर कुणाकडून तरी लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. बोलायचं झालं तर 'साकाना वा ताबेरारेमासेन', मासे खाता येत नाहीत.

बॅगेत मांसाचा कुठलाही पदार्थ नको, पाकीटबंद असला तरी. ताजी फळं-भाज्या आणि घरचा कढीपत्ताही नको. चटण्या-पोहे मी दरवेळी आणतो.

नाश्त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर कोन्बिनी, म्हणजे रोजच्या वस्तूंची छोटी दुकानं आहेत. तिथे भाताची तिकोनी ओनिगिरी घ्या. 'उमे' म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या जवळ जाते. 'कोंबु' म्हणजे समुद्री शेवाळाची. 'शाके' आणि 'त्सुना' टाळा, दोन्ही मासे. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं. भात आणि नोरी, म्हणजे बाहेरून गुंडाळलेलं वाळवलेल्या शेवाळाचं पान, यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून नोरी खाईपर्यंत कुरकुरीत राहते. घाईत कसंही फाडलंत तर नोरी पापुद्र्यातच अडकून बसते.

आणि एक, भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नका. मृताच्या पुढे ठेवायचा भात तसा ठेवतात. आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही द्यायचा नाही. दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

सह्याद्रीचा_वारा | गुरुवार, सकाळी ८:३०

थोडं स्पष्ट लिहितो. एवढ्या लांब जाऊन मेतकूट-भात खायचा असेल तर संधी वाया घालवताय असं मला वाटतं. नाक बंद करा आणि पहिल्याच दिवशी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप खा. एकदा भीड चेपली की संपलं.

मांडवीकाठ | गुरुवार, सकाळी ९:१४

वरच्या प्रतिसादाशी असहमत, आणि मी पणजीचा, माशाशिवाय एक दिवस न जेवणारा माणूस आहे. नाक दाबून खाल्लेला मासा आयुष्यभराची शिसारी ठेवून जातो. माझ्या बायकोला तिच्या मामाने असाच जबरदस्तीने बांगडा भरवला होता, आज वीस वर्षं ती स्वयंपाकघरात मासळी साफ होत असली की गच्चीत जाते.

धागाकर्त्याला सुचवेन की तेम्पुरापासून सुरुवात करा. भोपळा, रताळं, वांगं, कमळकाकडी यांची भजी आहेत ती, फक्त बेसनाऐवजी मैदा आणि बर्फाच्या पाण्यातलं पातळ पीठ, त्यामुळे वरचं कवच कागदासारखं हलकं. ही तळायची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तिथे गेली. त्याच लोकांनी आमच्याकडे पाव आणला. जपानीत आजही पावाला 'पान' म्हणतात, शब्द एकाच घरचा. तेम्पुराबरोबर वाटीत सॉस देतात त्यात माशाचा अर्क असतो, तुम्ही मीठ मागा. 'शिओ' म्हणायचं.

रानजाई | गुरुवार, दुपारी १:४७

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. मुलगी फेब्रुवारीत ओसाकाला ट्रेनिंगला जाणार आहे. आमच्या घरी सगळे माळकरी. तिच्या गळ्यात सातवीपासून माळ आहे, ती अंडंसुद्धा खात नाही. माशाचा अर्क म्हणजे नेमकं कशाकशात असतो?

अळूवडी | गुरुवार, रात्री ९:२०

रानजाई, मी शाकाहारी, तोक्योत चार वर्षं काढली. तुम्हाला खरं तेच सांगते. तो अर्क म्हणजे 'दाशी', आणि तो जवळजवळ सगळीकडे असतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घातलेलं सूप, उदोन-सोबा या शेवयांचा रस्सा, भोपळा-अळकुड्यांची शिजवलेली भाजी, अंड्याची घडी, कधी पालकाच्या कोशिंबिरीवरसुद्धा. कात्सुओबुशी म्हणजे कात्सुओ नावाचा मासा, ट्यूनाच्या जातीतला, शिजवून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला. त्याचा रंध्यावर काढल्यासारखा कीस पाडतात आणि गरम पाण्यात घालून गाळतात. गाळल्यावर तुकडा दिसत नाही, म्हणून वाढणारा मनापासून सांगतो की यात मासा नाही. तो खोटं बोलत नाही, त्याच्या लेखी ते पाणी आहे.

पण दाशी माशाशिवायही होते. १९०८ साली किकुनाए इकेदा या तोक्योच्या प्राध्यापकांनी कोंबुच्या रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. म्हणजे ती चव मुळात शेवाळातच सापडली. वाळवलेल्या शिताके अळंब्यांत तिला जोड देणारं दुसरं द्रव्य असतं. बौद्ध मठांतलं जेवण, 'शोजिन ऱ्योरी', या दोन्हींच्या दाशीवरच उभं आहे. तिथे मासा, मांस तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. ओसाकाहून कोयासान डोंगरावर दिवसभरात जाऊन येता येतं. तिथल्या मठांत हेच जेवण मिळतं. तीळ वाटून, कुझु कंदाच्या सत्त्वात आटवून थापलेलं तिळाचं तोफू तिला नक्की खायला सांगा.

रोजच्यासाठी मिठाची ओनिगिरी, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, केळी, आणि हिवाळ्यात दुकानांत गरम दगडांवर भाजलेली रताळी मिळतात. एकादशीला मी तीच खायचे. साल उतरवलं की आत मधासारखं पिवळं आणि ओलं.

शेंगाचटणी (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:३० (जपान)

पोहोचलो. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि एक कबुली. टोयोहाशीकर, तुम्ही सांगितलेला मेल लिहिला होता, पण पाठवायला हात झाला नाही. मसुद्यातच राहिला.

काल स्वागताचं जेवण झालं. इझाकाया, म्हणजे दारूबरोबर जेवण मिळणारं ठिकाण, तिथली चटईची खोली, बुटकं टेबल, आम्ही नऊजण. बिअरचे ग्लास आले, मला ऊलाँग चहा. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा, हे मला फार आवडलं. मग मध्यभागी लाकडी होडी आणून ठेवली. बर्फ, मुळ्याचा पांढरा कीस, त्यावर मासे, आणि एका टोकाला अख्ख्या माशाचं डोकं-शेपूट सांगाड्यासकट उभं केलेलं. काचोंनी सर्वांत चांगला तुकडा उचलून माझ्या बशीत ठेवला. सगळे थांबले होते, पाहुण्याने पहिला घास घ्यावा म्हणून.

मला जमलं नाही. चॉपस्टिक हातात धरून बसलो. कानशिलं तापली, कपाळावर घाम आला. शेवटी म्हणालो, माफ करा, मी मासे खात नाही, आधी सांगायला हवं होतं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग काचोंनी बशी हळूच स्वतःकडे ओढली, वेटरला बोलावून काहीतरी सांगितलं, आणि मला दोनदा वाकून सॉरी म्हणाले. चूक माझी आणि माफी ते मागतायत. त्यानंतर चिकनचे सळईवर भाजलेले तुकडे आले, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आल्या, मी ते खाल्लं. पण रात्रभर ती ओढलेली बशी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आज सकाळी यादी जपानीत छापून त्यांच्या टेबलावर नेऊन दिली.

टोयोहाशीकर | मंगळवार, रात्री ११:५२

दिलीत ना यादी, मग झालं. उगाच मनाला लावून घेऊ नका. ते आता त्या यादीवर काम करतील बघा.

अळूवडी | बुधवार, सकाळी ७:१०

एक विचारू? दाशीचं काय ठरवलंत? तुमचा आक्षेप वासाला आहे, व्रताला नाही, म्हणून विचारते. जे ठरवाल ते त्यांना स्पष्ट सांगा, कारण तिथल्या आचाऱ्यासाठी मासा नको आणि दाशी नको या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

शेंगाचटणी (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १०:०५ (जपान)

अळूवडीताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. कॅन्टीनमध्ये रोज मिसो सूपची वाटी असते. तुमची माहिती वाचलेली असल्यामुळे पहिले दिवस झाकण उघडलंच नाही. आज उघडलं. तोंडाजवळ नेऊन नुसता वास घेतला. धुराचा वास होता, चुलीवर ठेवलेल्या दुधाला येतो तसा. ज्याला मी घाबरतो तो वास नव्हता. मग प्यायलो. म्हणजे मासा माझ्या घशाखाली उतरला, आयुष्यात पहिल्यांदा, हे मला कळत होतं, आणि तरी काही झालं नाही. दाशी मला चालेल असं ठरवलंय. रानजाईताई, तुमच्या मुलीचं वेगळं आहे. तिने हे करावं असं मी मुळीच म्हणणार नाही.

कॅन्टीनमधली करी मात्र पोर्कची निघाली, ती सोडली.

जुनीपेटी | गुरुवार, रात्री ११:४०

करीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. जपानची रोजची गोडसर, घट्ट करी इंग्रजांकडून तिथे गेली, आपल्याकडून थेट नाही. पण तोक्योच्या शिंजुकु भागात नाकामुराया म्हणून दुकान आहे, तिथली भारतीय करी १९२७ पासूनची आणि ती रासबिहारी बोसांची. १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकला गेला, त्या कटातले बोस १९१५ मध्ये जपानला निसटले. इंग्रजांचा दबाव आला तेव्हा नाकामुरायाच्या सोमा दांपत्याने त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवलं. पुढे १९१८ मध्ये बोसांचं त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली. दोन वर्षांनी दुकानाने उपाहारगृह काढलं आणि बोसांच्या आग्रहाने खरी भारतीय करी सुरू केली. स्वतःचा देश पुन्हा बघायला न मिळालेल्या माणसाने तिथे मागे ठेवलेली चव आहे ती. तोक्योला गेलात तर जाऊन या, चिकनचीच करी आहे.

आणि तुमच्या आइचीतच १९७८ मध्ये कोको इचिबान्याचं पहिलं दुकान निघालं. तिखटाची पातळी आकड्याने सांगायची, भात किती ग्रॅम तेही. ठरावीक शाखांत मांसाशिवायची करी असते, मागावी लागते.

शेंगाचटणी (धागाकर्ता) | पुढचा बुधवार, रात्री ११:१५ (जपान)

आज जे जेवलो ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काचो संध्याकाळी म्हणाले, चला. या वेळी फक्त तिघं. लहानसं ठिकाण, लाकडी कट्ट्यासमोर आठ खुर्च्या, पलीकडे म्हातारा आचारी आणि त्याची बायको. माझी यादी त्यांच्या भिंतीवर चिकटवलेली होती. काचो दोन दिवस आधी स्वतः येऊन देऊन गेले होते.

पहिलं आलं ते एका खोल वाडग्यात, झाकणासकट. झाकण उचललं, वाफ गेली, आणि आत मुळा. एकच चकती, दोन बोटं जाड, काचेसारखी अर्धपारदर्शक, वर गडद तपकिरी मिसोचा एक चमचा आणि युझु या लिंबासारख्या फळाच्या सालीचे पिवळे धागे. नाव फुरोफुकी दाइकोन. मला हसू आलं, कारण सोलापुरात मुळा म्हणजे भाकरीबरोबर कच्चा, मीठ लावून, कचाकचा चावायचा. हा चॉपस्टिकने नुसता दाबला आणि चार फाका होऊन पडला.

चार फाका कशा झाल्या म्हणून विचारलं, तर आचाऱ्याने एक कच्ची चकती काढून दाखवली. कडा सगळीकडून तासलेली, म्हणजे शिजताना कोपरे झडत नाहीत. आणि खालच्या बाजूला सुरीने अर्ध्या जाडीपर्यंत फुलीसारखा छेद दिलेला. वरून दिसत नाही. त्याने आतपर्यंत शिजतो आणि खाणाऱ्याला तोडायला त्रास पडत नाही. मग म्हणाला, आधी तांदळाच्या धुवणात उकडतो, मुळ्याचा उग्रपणा जातो. काचो इंग्रजीत सांगत होते, पण त्याने पातेलं तिरकं करून धुवण दाखवलं तेव्हा भाषांतराची गरज राहिली नाही. आमची आजी तांदळाचं धुवण कधी टाकू द्यायची नाही.

दाशी फक्त कोंबुची होती. चालेल म्हणून मी सांगितलं होतं, तरीही त्याने माशाची वापरली नाही. मी पूर्ण वाडगा संपवला, तळाचं पाणीसुद्धा. मग अळकुड्या, मग भाजलेलं वांगं, मग भात आणि मुळ्याचं लोणचं. आज एकदाही हात आखडला नाही. जेवण झाल्यावर हात जोडून 'गोचिसोसामा' म्हणायचं असतं, ते मी म्हणालो आणि माझा आवाज थोडा कापला.

मांडवीकाठ | बुधवार, रात्री ११:३०

वाचताना घशाशी आलं. त्या आचाऱ्याला नमस्कार सांगा.

सह्याद्रीचा_वारा | गुरुवार, सकाळी ८:०२

माझा आधीचा सल्ला चुकीचा होता, मागे घेतो. तो मिसो म्हणजे हाच्चो मिसो असणार. तो ओकाझाकीचाच. किल्ल्यापासून आठ 'चो', म्हणजे सुमारे ८७० मीटर पश्चिमेला ते गाव, म्हणून हे नाव. रविवारी वेळ असेल तर चालत जा, वखारी बघू देतात.

शेंगाचटणी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४५ (जपान)

जाऊन आलो. अंधाऱ्या वखारीत माणसापेक्षा उंच, सुगी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची पिंपं, प्रत्येकात सुमारे ६ टन मिसो आणि त्यावर सुमारे ३ टन नदीतले गोटे शंकूसारखे रचलेले. सिमेंट नाही, दोरी नाही, नुसतं दगडावर दगड, आणि भूकंपातही ढासळू नये असं रचायला कारागिराला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. दोन उन्हाळे, दोन हिवाळे ते तसंच राहतं. पाकिटामागची यादी विचारून घेतली: सोयाबीन, मीठ, पाणी. तांदूळ नाही, मासा नाही.

सकाळी ओगुरा टोस्टही खाल्ला. लोणी लावलेल्या पावावर अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. पहिल्याच घासाला पुरण आठवलं, फक्त वेलदोडा-जायफळ नाही. त्यावर तूप हवं होतं असं सारखं वाटत राहिलं.

अर्धा किलो मिसो आईसाठी घेतलाय.

रानजाई | सोमवार, सकाळी १०:२०

पाकिटामागे एवढंच असेल तर आम्हालाही चालेल. मुलीला सांगते.

शेंगाचटणी (धागाकर्ता) | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१०

सोलापूरला आलोय. आईने पाकीट उघडलं, बोटाच्या टोकाने चाटून बघितलं आणि म्हणाली, "जुन्या चिंचेसारखं काळं आहे, पण आंबट नाही. वांग्यात जाईल." भरल्या वांग्यांचं वाटण केलं: शेंगदाण्याचं कूट, तीळ, थोडा गूळ, आणि काळ्या मसाल्याबरोबर मिसो. भाकरीशी खाल्लं. वडिलांनी, जे माझ्याहून जास्त हात आखडणारे आहेत, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. फोटो काचोंना पाठवला. त्यांनी उलट विचारलंय की वांगं आधी वाफवलं की थेट तेलात.

अळूवडी | रविवार, दुपारी ४:०५

प्रमाण लिहा ना. सहा लहान वांग्यांना किती?

शेंगाचटणी (धागाकर्ता) | रविवार, दुपारी ४:३१

आईला विचारून लिहितोय: सहा वांग्यांना सपाट दीड चमचा, कोमट पाण्यात आधी कालवून. मीठ अजिबात घालायचं नाही. आणि मिसो उकळत ठेवायचा नाही, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी वाटणाच्या रश्श्यात सोडायचा. काचोंना कळवलंय, वांगं थेट तेलात.